यूव्ही लॅम्प नसेल तर जळगावच्या उन्हात टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोपावडरवर चांदी बसवता येईल का?

हो येईल, एप्रिल-मेचं आपल्याकडचं ऊन त्याला पुरतं, आम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॉलेजच्या गच्चीवर हेच करायचो. अ‍ॅनाटेजचा (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक प्रकार) बँडगॅप (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला प्रकाशाकडून लागणारी ऊर्जा) 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण 387 नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश कामाचा, तो उन्हात जेमतेम 4-5 टक्के असतो पण चांदीला तेवढा बस होतो कारण तिचा आयन इलेक्ट्रॉन पटकन घेतो आणि कणावरच धातू होऊन बसतो. मागे पावडरीत उरतो होल (इलेक्ट्रॉन गेल्यावरची रिकामी जागा), त्याला खायला काहीतरी द्यावं लागतं नाहीतर इलेक्ट्रॉन परत त्याच्यातच जाऊन पडतो, म्हणून थोडं मिथेनॉल टाका (उघड्यावर, आगीपासून लांब, हातात ग्लोव्हज). पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरचं अजिबात नको, त्यातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर नायट्रेट (चांदी यातूनच येते) टाकताच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका होतो आणि पावडरही पांढरीच, त्यामुळे कळतसुद्धा नाही. बोरोसिलचा बीकर चालतो, ढवळणं थांबवू नका, पांढरं मिश्रण करडं-तपकिरी व्हायला लागलं की चांदी बसतेय. फक्त एक, उन्हाचा जोर तासातासाला बदलतो म्हणून चांदीच्या कणांचा साइज दर बॅचला सारखा येईलच असं नाही, पेपरसाठी आकडे हवे असतील तर लॅम्पच लागेल. आणि पावडर न टाकता, बाकी सगळं तेच घालून एक बीकर शेजारी उन्हात ठेवाच, म्हणजे नुसत्या उन्हाने चांदी होते का ते कळतं, गाईड पहिलं तेच विचारतात.