औषध कमी का केले?

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलीला मी माझ्या यकृताचा भाग दिला. सात महिन्यांनी तिच्या मानेत गाठी आल्या. बायॉप्सीत विषाणूमुळे वाढलेल्या लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आढळल्या. एकही मात्रा चुकवू नका, असे बजावणाऱ्या डॉक्टरांनीच आता टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध कमी केले आहे. यकृताला धोका नाही का? आणि हा विषाणू माझ्याकडूनच तिला गेला का? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण मनाला तोच अधिक खात असणार. अशा बहुतेक गाठींमागे असणारा एप्स्टाइन-बार विषाणू 1964 मध्ये लंडनमध्ये प्रथम ओळखला गेला. तो 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त राहतो. तो यकृताबरोबर गेला असेल किंवा लाळेवाटे एखाद्या खेळगड्याकडूनही आला असेल. पण विषाणू नसलेला प्रौढ दाता शोधू गेल्यास जवळजवळ कोणीच उरणार नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. ज्या मुलांचा या विषाणूशी आधी संबंध आलेला नसतो, त्यांना विशेषतः पहिल्या वर्षी अशा गाठींचा धोका सर्वाधिक असतो, आणि ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीच पालकांना नीट समजावून सांगितली गेली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

हा विषाणू रक्तातील बी पेशी या लसिकापेशींत राहतो आणि टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या लसिकापेशी त्याला आवरून धरतात. नवे यकृत नाकारले जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस नेमक्या याच टी पेशींना शांत करते, आणि मग विषाणू शिरलेल्या बी पेशी अनिर्बंध वाढून गाठी होतात. औषध घटवल्यावर अशा गाठी विरघळू शकतात, हे अमेरिकी प्रत्यारोपण शल्यविशारद थॉमस स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून हाच पहिला उपाय मानला जातो. यकृत नाकारले जाण्याचा धोका त्यात असतोच, म्हणून यकृताच्या चाचण्या आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण वारंवार तपासावे लागते. काही आठवड्यांत गाठी ओसरल्या नाहीत, तर बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब हे औषध आणि गरज पडल्यास केमोथेरपी देतात.

मात्र सांगितलेल्या मात्रेत घरी स्वतःहून काहीही बदल करू नका. ताप, सततची पोटदुखी, शौचातून रक्त, झोपेत नव्याने सुरू झालेले घोरणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला कळवा.