सिव्हिक एसआयसाठी ऑल-सीझन टायर: थंडीतल्या पावसाचे दिवस मोजून घ्या

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २०२० ची होंडा सिव्हिक एसआय, टायरची साइझ २३५/४० आर १८, गाडीबरोबर आलेले समर टायर आता गोटा झालेत. न्यू जर्सीत रोज एडिसन ते प्रिन्स्टन रूट १ वरून जाणं-येणं, हिवाळ्यात दोन-तीनदा मुलांना घेऊन पेनसिल्व्हेनियातले पोकोनोज डोंगर, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कमधल्या हॅरिमन पार्कच्या वळणावळणाच्या सेव्हन लेक्स ड्राइव्हवर मनसोक्त एक चक्कर. टायरवाला म्हणतो, ‘ऑल-सीझन सगळे सारखेच, स्वस्तातले घ्या.’ ऑफिसातले मित्र म्हणतात, ‘स्नो टायर नाहीत म्हणजे जिवाशी खेळ.’ मग घ्यायचं काय?

माझं मत आधीच सांगतो. तुम्हाला चांगल्या प्रतीचे परफॉर्मन्स ऑल-सीझन, म्हणजे बाराही महिने चालणारे पण वळणावर नेमके राहणारे टायर चालतील, आणि ते निवडताना डोळ्यांसमोर थंडीतला पाऊस ठेवा. स्नोचा विचार त्यानंतर.

हे मी शिकलो ते न्यू जर्सीतल्या दुसऱ्याच हिवाळ्यात. माझ्या पहिल्या टर्बो गाडीला समर टायर होते, खाचा निम्म्याहून जास्त शिल्लक. नोव्हेंबरची सकाळ, बारीक पाऊस, डॅशबोर्डवर ३८ फॅरनहाइट. आय-२८७ महामार्गाच्या रॅम्पवर रोजच्याच वेगाने वळवलं आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. हात वळलेले, गाडी सरळ. रेलिंग दोन हातांवर असताना चाकांनी रस्ता धरला. स्नोचा एक कणही कुठे नव्हता. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, उतरून पुढच्या टायरवर अंगठा दाबून पाहिला, तर रबर मेजाच्या पृष्ठभागासारखं टणक लागलं. जूनमध्ये त्याच टायरवर नख सहज रुतायचं.

कारण रबरातच आहे. समर टायरचं मिश्रण तापलेल्या रस्त्यावर घट्ट राहावं म्हणून बनवलेलं असतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ४५ फॅरनहाइटच्या खाली ते कडक होत जातं आणि डांबराच्या बारीक खडबडीत शिरून धरायचं ते धरत नाही. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली अशा टायरवर गाडी हलवली तर रबराला चिरा पडू शकतात, असा इशारा काही कंपन्या स्वतःच देतात. ऑल-सीझनचं मिश्रण थंडीतही लवचिक राहतं आणि त्याच्या नक्षीच्या ठोकळ्यांवर मुद्दाम दिलेल्या पातळ कापांची दाटी असते. त्या बदल्यात ऑगस्टमधल्या कोरड्या रस्त्यावर तो समर टायरइतका धारदार वाटत नाही. तुम्ही पुण्याहून आलात म्हणून सांगतो: तिकडे पारा सहसा इतका खाली जातच नाही, त्यामुळे हा भेद आपल्याला कधी माहीतच नसतो. तिकडे टायर घेताना पाऊस, खड्डे आणि ऊन एवढं बघितलं की पुरतं.

आता तुमचे दिवस मोजा. सकाळी आठला ४५ च्या खाली पारा असे दिवस इथे नोव्हेंबर ते मार्च जवळपास रोजचेच. त्यात इथे पावसाळा असा वेगळा नसतो, बाराही महिने पडत राहतो. म्हणजे ओला, थंड रस्ता ही तुमची खरी परीक्षा. रस्त्यावर प्रत्यक्ष स्नो आहे आणि तरी ऑफिस गाठायचंच आहे, असे दिवस बोटांवर मोजण्याइतके. मोठा स्नो झाला की शाळा बंद, घरून काम, आणि एव्हाना रूट १ वर मीठ टाकून स्नो हटवणारा प्लाऊ फिरून गेलेला असतो.

टायरवाल्याचं ‘सगळे सारखेच’ हे साफ चुकीचं आहे. टायरच्या कडेला ‘एम+एस’ लिहिलेलं असतं, चिखल आणि स्नो. ही खूण नक्षीच्या रचनेवरून मिळते, स्नोवर चाचणी करावी लागत नाही. दुसरी खूण डोंगराची तीन शिखरं आणि त्यात हिमकण. ती मिळवायला दाबलेल्या स्नोवर किती पकड मिळते याची ठरलेली चाचणी पार करावी लागते. मात्र ती चाचणी काचेसारख्या गोठलेल्या बर्फावरची नाही आणि वळणावरचीही नाही, एवढं लक्षात असू द्या. परफॉर्मन्स ऑल-सीझनच्या वर्गात मी ज्या दोन टायरांची नावं घेणार आहे, त्यांच्यावर ही शिखरांची खूण नाही. मिशेलिन क्रॉसक्लायमेट २ वर आहे, पण तो वेगळ्या स्वभावाचा टायर. स्नोवर निर्धास्त, ६०,००० मैलांची वॉरंटी, पण स्टिअरिंग किंचित सैल. तुमच्यासारखा माणूस हॅरिमनच्या तिसऱ्या वळणावर हळहळेल.

टायरच्या कडेला यूटीक्यूजी, म्हणजे अमेरिकेतली टायरची प्रतवारी, हा तीन भागांचा आकडा बघाल, त्याचा अर्थ नीट समजून घ्या. उदाहरणार्थ ‘५६० एए ए’. पहिला आकडा झिजेचा. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ४०० मैलांच्या ठरलेल्या वाटेवर एकूण ७,२०० मैल टायर पळवतात, १०० आकड्याच्या प्रमाण टायरशी तुलना करतात आणि पुढचा अंदाज बांधतात. तो अंदाज कंपनी स्वतः बांधते. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना ठीक, दोन कंपन्यांत ५४० आणि ५६० वरून भांडण्यात अर्थ नाही. दुसरी श्रेणी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची: ताशी ४० मैल वेगाने, चाक जाम करून, सरळ रेषेत. वळणावर काय होईल किंवा साचलेल्या पाण्यावर टायर तरंगेल का, हे ती सांगत नाही. तरीही तुमच्या गाडीसाठी ‘एए’ च्या खाली उतरू नका. तिसरं अक्षर उष्णता सोसण्याचं.

माझी दोन नावं: कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस ०६ प्लस आणि मिशेलिन पायलट स्पोर्ट ऑल सीझन ४. पहिल्याची वॉरंटी ५०,००० मैल, दुसऱ्याची ४५,०००. मी दोन्ही वापरले, एकेक करून, दोन गाड्यांवर. मिशेलिन हाताला जास्त नेमका लागतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की पायाखाली भरवसा जाणवतो. कॉन्टिनेंटल खड्ड्यांवर जरा मऊ, स्नोवर माझ्या अनुभवात थोडा वरचढ, आणि मी घेतला तेव्हा स्वस्तही पडला. तुमच्या साइझमधला ४० म्हणजे साइडवॉल, टायरची बाजूची भिंत, रुंदीच्या ४० टक्के; रिम आणि खड्डा यांच्यात जेमतेम चार बोटं रबर. मार्चमध्ये २८७ ची अवस्था तुम्ही पाहिलीच असेल. मुलं मागच्या सीटवर आणि रोज रूट १, म्हणून तुमच्या जागी मी असतो तर कॉन्टिनेंटल घेतला असता.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. टायरच्या पृष्ठभागावरच डी, डब्ल्यू, एस ही अक्षरं कोरलेली असतात: कोरडं, ओलं, स्नो. झिजता झिजता आधी एस पुसला जातो. तो गेला की स्नोत जायचं नाही. मग डब्ल्यू जातो, तेव्हा पावसातही सावध. शेवटी उरतो नुसता डी. माझ्या टायरवरचा एस तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर इतका फिका झाला की बोटाने चाचपूनही लागेना. त्या वर्षी मी पोकोनोजला बायकोची गाडी नेली.

हेच कुठल्याही टायरला लागू आहे, म्हणून वॉरंटीच्या मैलांवर विसंबू नका. नव्या टायरच्या खाचा साधारण १०/३२ इंच खोल, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आसपास. बहुतेक राज्यांत कायद्याची मर्यादा २/३२, पण पावसातली पकड त्याच्या बरीच आधी ढासळते. खाचेत क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, उलटं घाला. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा कड पूर्ण दिसला तर ४/३२ च्या खाली आलात, टायर बदलायची वेळ झाली. स्नोत जायचं असेल तर मी ६/३२ च्या खाली जात नाही. झीज कडेला जास्त आणि मधे कमी दिसली तर आधी हवा आणि अलाइनमेंट तपासा, नाहीतर नवे टायरही त्याच वाटेने जातील.

पोकोनोजच्या दोन-तीन फेऱ्या अंदाज बघून करता येतात. शनिवारी स्नो आहे म्हटल्यावर रविवारी दुपारी निघायचं. पण पुढे मुलं स्कीइंगला लागली आणि दर आठवड्याला जाणं झालं, किंवा व्हरमाँटला जायला लागलात, तर ऑल-सीझनवर भागवू नका. तेव्हा १७ इंची वेगळ्या रिमवर खरे विंटर टायर, २१५/५० आर १७. बाहेरचा व्यास तुमच्या आत्ताच्या टायरइतकाच येतो आणि साइडवॉल उंच मिळते. रिम ब्रेक कॅलिपरला घासत नाही ना, एवढं आधी बसवून बघायचं. क्यूबेकला जाऊन राहायची वेळ आली तर तिथे हा प्रश्नच नाही. १ डिसेंबर ते १५ मार्च तिथे नोंदणी असलेल्या गाड्यांना विंटर टायर कायद्यानेच लागतात.

दुकानात गेल्यावर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर मोबाइलवर टिपून न्या. लोड इंडेक्स (वजन पेलायचा आकडा) आणि स्पीड रेटिंग (वेगाचं अक्षर) त्यापेक्षा कमी घ्यायचं नाही. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०. जास्त चालेल, कमी नाही. स्पीड रेटिंगमधला डब्ल्यू म्हणजे ताशी १६८ मैल. तेवढं कुणी पळवत नाही, पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं.

आणि टायर चढवण्याआधी टायरच्या कडेवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, म्हणजे तो कधी बनला ते, स्वतः वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. एकदा एका दुकानाने मला चार टायर ‘सेलमध्ये’ दिले. घरी येऊन टॉर्च मारून पाहिलं तर साडेचार वर्षांपूर्वीचे. बसवून मैलभर चाललेले टायर परत घ्यायला ते तयार होईनात. तेव्हापासून मी टायर रिमवर चढायच्या आधी मांडणीजवळ उभा राहून चारही क्रमांक वाचतो. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. क्रमांक सहसा एकाच बाजूला पूर्ण असतो, नाही दिसला तर टायर उलटा करून दाखवायला सांगा.

दोनच बदलू का, असंही तुम्ही विचारलंत. चारही गोटा झालेत तर चारही बदला. पुढे कधी दोनच घ्यायची वेळ आली तर नवे मागे लावायचे. पुढची चाकं ओढणारी गाडी असली तरी हेच. मागची पकड आधी सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं बहुतेकांच्या हातातलं नसतं. पुढची चाकं तुमच्या गाडीत लवकर झिजतात, म्हणून दर ५,००० ते ७,५०० मैलांवर पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल करा आणि पावत्या फाइलला लावा. वॉरंटीचा दावा करायला गेलात की त्या पहिल्यांदा मागतात.

बसवून झाल्यावर गाडीभोवती एक फेरी मारा. मी सांगितलेले दोन्ही टायर असमान नक्षीचे आहेत, आतली आणि बाहेरची बाजू वेगळी, कडेवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं. ते चारही चाकांना बाहेरच्या बाजूला दिसलं पाहिजे. चाकांचे नट ८० फूट-पाउंडला कसायचे, आणि पन्नासेक मैलांनी पुन्हा तपासायचे. हवा मात्र गरम दुकानात भरलेली असते, तिच्यावर थांबू नका. दर १० फॅरनहाइट पारा उतरला की साधारण १ पीएसआय हवा कमी भरते. समजा सप्टेंबरात ७५ फॅरनहाइटला ३३ भरलीत, तर जानेवारीत २५ फॅरनहाइटच्या सकाळी ती २८ झालेली असेल, आणि डॅशबोर्डवरचा हवा कमी असल्याचा दिवा कदाचित लागणारही नाही. नियमाने तो २५ टक्के कमी झाल्यावर लागला की पुरतो. म्हणून पहिली थंडी पडली की सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी, हातातल्या गेजने चारही चाकं बघा आणि स्टिकरवरच्या आकड्याला आणा.