निबंध ही शिक्षा नव्हती

‘तीनशे शब्दांचा निबंध लिहून पोरगा सुटतो, मग अल्पवयीनांना शिक्षा आहे तरी कुठे?’ हा तुमचा प्रश्न. अल्पवयीन आरोपींची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळापुढे वकील म्हणून बरीच वर्षं उभा राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निबंधाचं. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोघांचा जीव गेला. मंडळाने त्याच दिवशी जामीन दिला, आणि निबंध ही त्या जामिनाची एक अट होती. ती अट थट्टेसारखीच होती, ते मलाही मान्य. पण जामीन म्हणजे निकाल नव्हे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातलं कलम १२ सांगतं की, गुन्हा अजामीनपात्र असला तरी मुलाला जामीन द्यायचा. नाकारायचा तर कारण दाखवावं लागतं: बाहेर गुन्हेगारांची संगत लागेल, मुलालाच शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका आहे, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच फसेल. गुन्हा किती भयंकर, हे त्या यादीत नाही.

मग मोठ्या माणसासारखा खटला का नाही? ही सोय २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्कार-खून प्रकरणानंतर आली. त्यातल्या अल्पवयीन आरोपीला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येत होतं. तो डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि दोनच दिवसांत राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. पण दार त्यांनी अरुंदच ठेवलं. मुलगा सोळा पूर्ण केलेला हवा, आणि गुन्हा ‘घृणास्पद’ हवा, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा. ‘किमान’ हा शब्द नीट वाचा, सगळी गोम तिथे आहे. सदोष मनुष्यवधाला भारतीय दंड संहितेत जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती, पण किमान शिक्षा नव्हतीच, म्हणून तो ‘घृणास्पद’ ठरत नाही. २०१६ मध्ये दिल्लीत मर्सिडीजने एकाला उडवणारा मुलगा अठराचा व्हायला जेमतेम काही दिवस बाकी होते. त्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच सांगितलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीत संसदेनेही तेच लिहून टाकलं. त्यामुळे ही पळवाट नजरचुकीने राहिली असं मला वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या मंडळाने पोर्शेवाल्या मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज फेटाळला, तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाही वकिलाला नवल वाटलं नाही.

गुन्हा त्या व्याख्येत बसला तरी मुलगा थेट तुरुंगात जात नाही. मंडळ आधी प्राथमिक मूल्यमापन करतं: त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज, कोणत्या परिस्थितीत घडलं. प्रकरण मंडळाकडून वर बाल न्यायालयात गेलं तरी एकविसाव्या वर्षापर्यंत त्याला सुरक्षित ठिकाणीच ठेवतात. मग तो किती बदलला ते पाहून सोडायचं की उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंगात पाठवायचं, ते ठरतं. फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही नाही.

तुम्ही शिक्षेच्या वर्षांवर भांडताय. माझा अनुभव असा की मुलाचं पुढे काय होणार हे बरंचसं परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) सामाजिक तपासणी अहवालावर, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीच्या अहवालावर ठरतं. आणि तो अहवाल पुष्कळदा छापील असतो. ‘आर्थिक परिस्थिती हलाखीची, वाईट संगत’. मुलगा बदलतो, वाक्य तेच. मोटारसायकल चोरीच्या एका केसमध्ये मात्र अधिकारी बाई खरोखर घरी गेल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं: मुलगा पहाटे चारला उठून सोसायटीतल्या गाड्या पुसतो, फीपायी दहावीचं हॉल तिकीट अडलंय, बाप सहा महिने घरी नाही.

मंडळाची खोली म्हणजे साधं टेबल. आरोपीचा पिंजरा नाही, हातात बेडी नाही, पोलीसही साध्या कपड्यात. सामाजिक कार्यकर्त्या सदस्याने तो अहवाल दोनदा वाचला आणि मुलाला पहिलाच प्रश्न विचारला, ‘परीक्षा कधी आहे?’ चोरीबद्दल विचारतील म्हणून तो पाठ करून आला होता. त्याला तारीख सांगता येईना, रडायलाच लागला. आदेश झाला परिविक्षेचा, म्हणजे देखरेखीखाली सोडायचा, आणि फीचं प्रकरण मिटवायची जबाबदारी अहवाल लिहिणाऱ्या त्याच अधिकारी बाईंवर आली. गणिताच्या पेपरला तो बसला, एवढं मला माहीत आहे.