काळा घोड्याला लघुपट पाहायला जाताना

पहिल्यांदाच जातेयस ना, मग शनिवार-रविवार सोड. दक्षिण मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून भरतोय आणि प्रवेश फुकट, त्यामुळे सुट्टीच्या संध्याकाळी तिथल्या रॅम्पार्ट रो या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते. आठवड्यातली दुपार निवड. चर्चगेट किंवा सीएसएमटीवरून चालतच ये.

वेळापत्रकात सिनेमा विभाग आधी बघून ठेव. सभागृह गेल्या वर्षीचंच असेल असं धरून चालू नकोस. फुकट म्हटल्यावर जो आधी येईल तो बसेल, तेव्हा अर्धा तास आधी रांगेत उभी राहा.

लघुपट एकामागोमाग एक दाखवतात, कुठला पाच मिनिटांचा, कुठला अर्ध्या तासाचा. एक आवडला नाही म्हणून उठू नकोस, पुढचा कदाचित हलवून सोडेल. उठायचंच झालं तर श्रेयनामावली लागल्यावर, वाकून. खरं तर तीही वाचच: संकलन कुणाचं, ध्वनी कुणाचा. यातल्या कितीतरी फिल्म पोरांनी पदरचे पैसे घालून केलेल्या असतात, पुन्हा मोठ्या पडद्यावर कधी दिसतील सांगता येत नाही. आणि फोन बंद ठेव, अंधारात त्याचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो.

दिग्दर्शक आलेला असेल तर प्रश्नोत्तरांना थांबच. नुसतं 'छान होती' म्हणू नकोस. एखादं दृश्य धरून विचार: तिथे आवाज मुद्दाम बंद केला होता का? शेवटचा कट इतका लांबवला तो का? नवे दिग्दर्शक अशा प्रश्नांना भुकेले असतात. हात वर करायची भीड वाटली तर बाहेर दाराशी गाठ, तिथे जास्तच मोकळेपणाने बोलतात.