सासऱ्यांची ट्रंक आणि अभिलेखपालाचे शिक्षण

ताई, सप्रेम नमस्कार.

चिकोडी तालुक्यातील जुन्या घराच्या माळ्यावर सासऱ्यांच्या कागदांची ट्रंक सापडली, इतिहासात बी. ए. करणाऱ्या मुलीने ते कागद तारखेप्रमाणे लावायला घेतले आणि याच कामात करिअर होईल का असे ती विचारते, असे आपण लिहिले आहे. होईल, पण आधी तिला ते लावणे थांबवायला सांगा.

कागद कोणाकडून आले आणि कोणत्या क्रमाने ठेवलेले होते, हे अभिलेखपाल (जुने कागद जपून त्यांची नोंद ठेवणारा) सर्वांत आधी पाहतो. एका घराचे कागद दुसऱ्या घराच्या कागदांत मिसळायचे नाहीत आणि ठेवणाऱ्याचा क्रम मोडायचा नाही, या दोन नियमांवर हा व्यवसाय उभा आहे. समजा, सासऱ्यांनी निपाणीच्या तंबाखू पेठेतली विक्रीच्या हिशेबाची पट्टी, सावकाराची पावती आणि विहिरीविषयी भावाने पाठवलेले पत्र एकाच सुतळीत बांधले असेल, तर पीक विकून कर्ज फिटले आणि मग विहिरीचा विषय निघाला, असा तर्क त्या सुतळीमुळे करता येतो. तिन्ही कागद तारखेनुसार पांगले की तो दुवा गेला. मुळात क्रमच नसेल, पोत्यात कोंबलेले कागद असतील, तर मात्र अभिलेखपाल स्वतः गट पाडतो आणि ते आपण पाडले, अशी नोंदही ठेवतो.

सूचीसाठी लिहायचे कागदांचे वर्णन मोठ्याकडून लहानाकडे जाते: आधी संपूर्ण संग्रह, मग जमीन, हिशेब, पत्रव्यवहार अशा मालिका, मग एकेक पुडके, सुट्या चिठ्ठीपर्यंत क्वचितच जावे लागते (नवशिक्यांची हौस नेमकी तिथे असते). संदर्भ क्रमांक, शीर्षक, कागद कोणाचे, कोणत्या काळातले, किती आणि वर्णन कोणत्या पातळीचे, एवढे आंतरराष्ट्रीय मानकानुसार द्यावेच लागते. आपल्या भागात भाषा आणि लिपीची नोंदही मी सक्तीची मानतो, कारण १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला आणि इथल्या एकाच पुडक्यात मोडी, बाळबोध (देवनागरी) व कन्नड शेजारी शेजारी निघू शकतात.

मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणे हे तिचे भांडवल आहे. त्यात मोडीची भर घालावी. पुढे इतिहासात एम. ए. करून दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पदविकेसाठी प्रयत्न करावा. सरकारी जागा थोड्या असतात आणि भरतीही रखडते, हे लपवत नाही. विद्यापीठे, संग्रहालये, विश्वस्त संस्था आणि जुन्या कंपन्यांतही हे काम निघते, बहुधा कंत्राटी.

तूर्त गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, क्रमांक पेन्सिलीनेच घालावेत. जे गठ्ठे आधीच सुटले आहेत, त्यांत काय काय एकत्र होते ते तिने आजच आठवून लिहून काढावे, आणि सुतळ्या अजून टाकल्या नसतील तर त्याही जपून ठेवाव्यात.