व्होल्तेर्रा गावाचा पोर्ता आल्लार्को (जुनी वेस) मुद्दाम जाऊन बघण्यासारखा आहे का?

इटलीतल्या टस्कनी प्रांतात असाल तर नक्की बघा. तिकीट नाही, ही गावाची वापरातली वेस आहे. मुख्य चौकातून उतारावर थोडंसंच चालायचं (परतताना चढ, गुडघे सांभाळा).

वेस मूळची इट्रस्कन (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांची), इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराची. नुसतं आरपार जाऊ नका; बाहेर जाऊन मागे वळून वर बघा. कमानीत तीन काळसर दगडी मुंडकी आहेत, नाकडोळे पार झिजलेले. देवांची की आणखी कुणाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

मला मात्र १९४४ ची हकिगत जास्त भावते. दोस्त सैन्याची वाट अडवायला जर्मन सैन्य वेस उडवणार होतं. गावकऱ्यांनी रस्त्याची फरसबंदी उखडून एका दिवसात ती दगडांनी बुजवून टाकली, म्हणून ती वाचली.