मुहम्मरा करताय? मिरची नीट भाजा
सीरियातल्या अलेप्पो शहराचा मुहम्मरा, म्हणजे भाजलेली लाल मिरची आणि अक्रोडाचं डिप, मुळातच व्हीगन आहे, त्यामुळे दही-चीज घालूच नका. लाल ढोबळी मिरच्या थेट गॅसवर साल पूर्ण काळी होईपर्यंत भाजा, 10-15 मिनिटं झाकून ठेवा, मग हातानंच सोला. नळाखाली अजिबात धुऊ नका, भाजल्याचा सगळा स्वाद वाहून जातो. सुटलेलं पाणीही निथळू द्या, नाहीतर डिप पातळ होतं. 3 मिरच्यांना वाटीभर भाजलेले अक्रोड, थोडा ब्रेडचा चुरा (पाकिटावर दूध नाही ना, बघा), लसूण, जिरेपूड, ऑलिव्ह तेल. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. अक्रोड दाताखाली यायलाच हवा. आंबटगोडपणा डाळिंबाच्या आटवलेल्या रसाचा, नुसत्या लिंबानं ती चव येत नाही. तिखटपणासाठी अलेप्पो मिरची (तिकडची मध्यम तिखट लाल मिरची) घाला; ती मिळाली नाही तर काश्मिरी तिखटात चिमूटभर लवंगी मिरचीचं तिखट मिसळा.